ऑइलच्या डब्याची मागची बाजू वाचा

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या वाहन पुरवणीत इंजिन ऑइलवर आलेल्या लेखात दोन सल्ले आहेत. महाराष्ट्रात उन्हाळा कडक, म्हणून ऑइल जाड घ्यावे; आणि गाडी स्पोर्ट्‌स कार असेल तर ‘फुल्ली सिंथेटिक’ घ्यावे. पहिला सल्ला आजच्या गाड्यांना लागू पडत नाही. दुसरा इतका मोघम आहे की त्याच्या भरवशावर दुकानात गेलेला माणूस चुकीचा डबा घेऊन परतण्याची शक्यताच जास्त. टर्बो पेट्रोल इंजिने उघडणारे आणि वापरलेल्या ऑइलचे नमुने तपासणारे आम्ही काही जण मिळून हे पत्र लिहीत आहोत.

आधी जाडपणाचे बघू. डब्यावर ५डब्ल्यू-४० अशी ग्रेड छापलेली असते. तिच्यातला ‘डब्ल्यू’ विंटरचा, म्हणजे हिवाळ्याचा. ५डब्ल्यू ऑइलची स्टार्टरच्या वेळची चाचणी उणे ३० अंशांना होते, ०डब्ल्यूची उणे ३५ अंशांना. आपल्याकडे महाबळेश्वरला वेण्णा तलावाकाठी दवबिंदू गोठले तर पहिल्या पानावर बातमी येते, त्यामुळे ०डब्ल्यू की ५डब्ल्यू यावर काउंटरवर रंगणारे वाद इथे फारसे कामाचे नाहीत. तापलेल्या इंजिनात ऑइल किती जाड राहील ते दुसरा आकडा सांगतो. ‘४०’ म्हणजे १०० अंशांना १२.५ ते १६.३ सेंटिस्टोक (हे जाडपणाचे एकक). ०डब्ल्यू-४० असो, ५डब्ल्यू-४० असो की १५डब्ल्यू-४०, शंभर अंशांना तिन्ही याच पट्ट्यात. म्हणजे ‘झिरो डब्ल्यू पाण्यासारखे पातळ, आपल्या उन्हाला चालत नाही’ हे गॅरेजमधले आवडते वाक्य मुळातच चुकीचे.

बाहेर नागपूरचे ४५ अंश असोत की मुंबईचे ३२, थर्मोस्टॅट आणि ऑइल कूलर धड असतील तर साध्या चालवण्यात ऑइल साधारण ९० ते ११० अंशांच्या आसपासच राहते. ते तापते भाराने: खोपोलीहून खंडाळ्याचा चढ, समृद्धीवर दीर्घकाळ वेग, आणि सगळ्यात जास्त ट्रॅकवर. हवेच्या तापमानाकडे बघून २०डब्ल्यू-५० ओतणाऱ्यांच्या हाती उलटेच काहीतरी लागते. नव्या इंजिनांतले व्हेरिएबल ऑइल पंप, व्हॉल्व्ह टायमिंग पुढेमागे करणारे सोलेनॉइड आणि त्यांच्या बारीक जाळ्या ठरावीक पातळपणाला बेतलेल्या असतात. जाड ऑइलने कॅमचा (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्याचा) प्रतिसाद उशिरा येतो, डॅशवर टायमिंगचा एरर झळकतो आणि सकाळी पहिल्या स्टार्टला टर्बोच्या बेअरिंगपर्यंत ऑइल पोचायला वेळ लागतो. मग सेन्सर बदलला जातो, सोलेनॉइड बदलले जाते. ऑइलकडे कोणी बघत नाही.

याहून महत्त्वाची गोष्ट डब्याच्या दर्शनी बाजूला छापलेलीच नसते. तिला एचटीएचएस म्हणतात: १५० अंशांना, बेअरिंगमध्ये घासले जाताना ऑइलचा थर किती टिकतो याचे माप, मिलिपास्कल-सेकंदात. ‘३०’ ग्रेडसाठी हे किमान २.९ असावे लागते. जपानी आणि कोरियन घराण्यांतल्या गाड्यांसाठी काउंटरवर मिळणारे ५डब्ल्यू-३० बहुधा ३ च्या थोडे वर असते. पण एसीईए या युरोपीय वाहन उत्पादकांच्या संघटनेच्या सी३ किंवा फोक्सवॅगनच्या ५०४ ०० या मानकाचे ५डब्ल्यू-३० किमान ३.५ चे. दोन्ही डब्यांवर मोठ्या अक्षरात ‘५डब्ल्यू-३० फुल्ली सिंथेटिक’ लिहिलेले, दोन्ही चांगल्या कंपन्यांचे, दोन्ही अस्सल. फरक मागच्या बाजूच्या मुंगीएवढ्या अक्षरांत.

उदाहरण म्हणून २०२० मध्ये भारतात मोजक्या २०० आलेल्या स्कोडा ऑक्टाव्हिया आरएस २४५ चे घेऊ. दोन लिटर टीएसआय (टर्बो पेट्रोल) इंजिन, २४५ पीएस, फिल्टरसकट सुमारे ५.७ लिटर ऑइल. स्कोडा फोक्सवॅगनच्याच घरातली, म्हणून हिला फोक्सवॅगन ५०२ ०० किंवा ५०४ ०० चे ऑइल चालते. ५०२ ०० बहुधा ५डब्ल्यू-४० मध्ये मिळते, ५०४ ०० बहुधा ५डब्ल्यू-३० मध्ये. ग्रेड वेगळी दिसली तरी एचटीएचएस दोन्हीकडे ३.५ च्या वरच. या गाडीत एपीआय या अमेरिकी संस्थेच्या एसपी मानकाचे साधे ५डब्ल्यू-३० ओतले तर इंजिन त्या दिवशी काहीच तक्रार करत नाही, उलट हलके वाटते. भार पडून ऑइल १२० अंशांच्या पुढे गेले आणि त्यात पेट्रोल मिसळलेले असले, की मग थर पुरत नाही. आणखी एक सापळा म्हणजे ५०८ ००. हे ०डब्ल्यू-२०, एचटीएचएस जेमतेम २.६ च्या वर, ओळखू यावे म्हणून हिरवट रंग दिलेला. ‘कोड नवा म्हणजे ऑइल सुधारित’ असे समजून ते जुन्या इंजिनात घालू नये. ५०४ ०० जुन्या ५०२ ०० च्या जागी चालते, पण ५०८ ०० मागच्या इंजिनांना लागू होत नाही.

एकाच घरातल्या दोन इंजिनांना दोन ऑइले का, याचे चांगले उदाहरण फोर्डचे. पाच लिटर व्ही-८ ची साधी मस्टँग जीटी अमेरिकेत ५डब्ल्यू-२० वर चालायची. त्याच घराण्यातली, ट्रॅकसाठी बांधलेली २०१२-१३ ची बॉस ३०२ मात्र ५डब्ल्यू-५० मागायची. रस्त्यावरच्या गाडीत मायलेजचे नियम पाळायचे असतात, ट्रॅकवर आरपीएम वरच धरून ठेवलेले असतात. जाड ऑइल हवेच असलेली इंजिने आहेतच: बीएमडब्ल्यूच्या ई४६ एम३ च्या एस५४ इंजिनाला १०डब्ल्यू-६० लागते आणि तिथे ५डब्ल्यू-३० घालणे म्हणजे कनेक्टिंग रॉडच्या बेअरिंगशी वैर. पण तेच १०डब्ल्यू-६० ‘एमचे ऑइल’ म्हणून एम३४०आयच्या बी५८ मध्ये भरू नये. ते इंजिन वेगळे, त्याला साडेसहा लिटर पातळ ऑइल लागते, आणि आपल्या वर्षाच्या गाडीला बीएमडब्ल्यूच्या लाँगलाइफ मानकांतला कोणता कोड चालतो ते मॅन्युअलच्या पानावरच बघावे. बॉनेटवरचा ‘एम’ बघून ऑइल ठरत नाही.

पोर्शेचे त्यातल्या त्यात सोपे आहे. ९११ आणि ७१८ ची बरीच वर्षे पोर्शेच्या ए४० या मान्यता-यादीत येतात, म्हणजे ०डब्ल्यू-४० किंवा ५डब्ल्यू-४०. केयेन, मकान यांच्या काही इंजिनांना सी३०, नव्यांना सी२०. एकाच घरी ९११ आणि मकान असतील तर एकच मोठा पिंप आणून दोघींना पाजण्याचा मोह टाळावा. एक्झॉस्टमध्ये पार्टिकल फिल्टर (काजळी अडवणारा फिल्टर) असलेल्या गाड्यांसाठी सी४० आले आहे. ऑइलमधल्या कॅल्शियम, मॅग्नेशियम, जस्ताची राख या फिल्टरमध्ये साठते. काजळी जळून जाते, राख जळत नाही. म्हणून तिथे कमी राखेचे ऑइल, सी३ मध्ये राख जास्तीत जास्त ०.८ टक्के. एसीईएच्याच जुन्या पद्धतीच्या ए३/बी४ मध्ये ती १ ते १.६ टक्के असते. फिल्टर नसलेल्या गाडीला ए३/बी४ उत्तम: आम्ल मारण्याची ताकद, ज्याला टीबीएन म्हणतात, त्यात किमान १० असते, सी३ मध्ये किमान ६. एप्रिल २०२० पासून देशभर पेट्रोलमधले, आम्ल बनवणारे गंधक १० पीपीएमवर आले आहे, त्यामुळे सी३ चा टीबीएन कमी म्हणून धास्ती घेण्याचेही कारण उरलेले नाही.

आता ‘सिंथेटिक’कडे येऊ. कच्च्या तेलापासूनच काढलेले पण हायड्रोजनच्या दाबाखाली खूप शुद्ध केलेले ग्रुप-३ बेस ऑइल आणि रसायनांपासून घडवलेले पीएओ, म्हणजे ग्रुप-४, हे दोन्ही आज याच नावाखाली विकले जातात. १९९९ मध्ये अमेरिकेत मोबिलने कॅस्ट्रॉलविरुद्ध केलेली तक्रार जाहिरातींची छाननी करणाऱ्या मंडळाने फेटाळली आणि ग्रुप-३ ला सिंथेटिक म्हणण्याची वाट मोकळी झाली. यात फसवणूक झाली असे आमचे मत नाही; गाडीच्या कंपनीची मान्यता मिळालेले ग्रुप-३ ऑइल मान्यता नसलेल्या पीएओपेक्षा केव्हाही बरे. पण निवड करायचीच असेल तर ती टेक्निकल डेटा शीट बघून करावी. उत्पादकाच्या संकेतस्थळावर ती फुकट मिळते. त्यात नोआक नावाचा आकडा शोधा: २५० अंशांना तासाभरात किती टक्के ऑइल उडून जाते ते. ए३/बी४ आणि सी३ साठी कमाल १३ टक्के. डायरेक्ट इंजेक्शनच्या इंजिनात इनटेक व्हॉल्व्हवरून पेट्रोल जात नाही, म्हणून ऑइलच्या वाफेची काजळी तिथे धुतली न जाता थरावर थर चढते. १० किंवा त्याखालचा आकडा दिसला तर दोनशे-चारशे रुपये जास्त गेले तरी चालतील.

मागच्या बाजूला आणखी एक गंमत असते. ‘पोर्शे ए४० अप्रूव्हड’ म्हणजे पोर्शेने ते ऑइल तपासून यादीत घेतले. ‘मीट्स द रिक्वायरमेंट्स ऑफ’ किंवा ‘रेकमेंडेड फॉर’ म्हणजे ऑइल विकणाराच म्हणतो आहे. वॉरंटीचा वाद उभा राहिला की या दोन ओळींतले अंतर कळते. पहिली ओळ नसलेला डबा वॉरंटीतल्या गाडीसाठी घेऊ नये, मग त्यावर रेसिंगची कितीही चित्रे असोत.

टर्बो आणि डायरेक्ट इंजेक्शन एकत्र असेल तर एपीआय एसपी, निदान एसएन प्लस, ही अक्षरे बघावीत (मान्यतेच्या कोडासोबत, त्याच्याऐवजी नव्हे). १५०० ते २५०० आरपीएममध्ये पूर्ण अ‍ॅक्सिलरेटर दिला की रिंगांजवळचा ऑइल-पेट्रोलचा थेंब ठिणगीआधीच पेटतो आणि एकाच झटक्यात पिस्टनच्या रिंगांमधली भिंत तुटू शकते. कॅल्शियमचे प्रमाण जास्त असलेल्या ऑइलने हा धोका वाढतो. म्हणून मे २०२० पासूनच्या एसपी मानकात याची चाचणी घातली आहे आणि बरेच उत्पादक कॅल्शियमचा काही भाग मॅग्नेशियमवर नेतात. त्याचबरोबर चालवण्याची सवयही सुधारायला हवी: घाटात पाचवा टाकून तळापर्यंत पाय दाबायचा नाही, गिअर खाली घ्यायचा.

सध्या आमच्याकडे येणाऱ्या नमुन्यांत सर्वात जास्त दिसणारा दोष झीज नव्हे, ऑइलमध्ये मिसळलेले पेट्रोल. थंड इंजिनाला मिश्रण दाट लागते. ई२० मध्ये, म्हणजे आजच्या पेट्रोलमध्ये, वीस टक्के इथेनॉल असल्यामुळे तेवढ्याच हवेला इंधन आणखी जास्त ओतावे लागते, आणि न जळलेले सिलिंडरच्या भिंतीवरून खाली संपमध्ये, म्हणजे इंजिनाच्या तळच्या ऑइलच्या भांड्यात, उतरते. इथेनॉल ७८ अंशांना उकळते, म्हणजे ऑइल नीट तापले तर ते वाफ होऊन निघून जाते. नाही तापले तर पाण्याला धरून तिथेच राहते. पाच टक्के पेट्रोल मिसळले की ४० ग्रेडचे ऑइल ३० च्या हद्दीत घसरू शकते. डिपस्टिकवर पातळी न भरता वर गेलेली दिसली आणि वासाला पेट्रोल आले, तर किलोमीटर कितीही होवोत, ऑइल काढा.

पावसाळ्यात कव्हर घालून उभ्या ठेवलेल्या गाड्यांचे हेच दुखणे. दर रविवारी खाली जाऊन पाच मिनिटे गाडी सुरू करायची, दोनदा रेस द्यायची आणि बंद करायची, ही निगा नव्हे. पाच मिनिटांत कूलंटचा काटा वर येतो, ऑइल मात्र कोमटच राहते. प्रत्येक वेळी थोडे पाणी आणि थोडे पेट्रोल त्यात जमा होते. फिलरच्या टोपीखाली दुधाळ पिवळा साका दिसतो तो याचाच. गाडी काढायची तर ऑइल ८०-९० अंशांवर आल्यानंतर किमान वीस मिनिटे चालवा. तेवढा वेळ नसेल तर बॅटरीला मेंटेनर (ती भरलेली ठेवणारा छोटा चार्जर) जोडा आणि इंजिनाला हातच लावू नका. ऑइल ८० अंशांवर येईपर्यंत आरपीएम ३००० च्या आत ठेवावेत, हेही याच ओघात.

ऑइल कधी बदलायचे, हा प्रश्न किलोमीटरने विचारला जातो. तासांनी विचारला पाहिजे. १५,००० किलोमीटरचा पल्ला ताशी ७५ च्या सरासरीने पार केला तर इंजिन २०० तास चालते. अंधेरी ते फोर्ट ताशी २० च्या सरासरीने केला तर तेच ७५० तास. डॅशवर सरासरी वेग दिसतो, भागाकार कुणालाही येतो. शहरात चालणाऱ्या टर्बो गाडीला ७,५०० किलोमीटर किंवा वर्ष, यांतले जे आधी येईल ते. वर्षाला २,००० किलोमीटरच होणारी गाडी असेल तरी वर्ष चुकवायचे नाही. बदल पावसाळ्यानंतर करावा, म्हणजे ओलाव्यात खराब झालेले ऑइल बाहेर जाते. बुद्ध सर्किट, चेन्नईजवळचे इरुंगट्टुकोट्टई किंवा कोइम्बतूरला ट्रॅक डे केला, म्हणजे रेसच्या ट्रॅकवर गाडी पळवली, आणि ऑइल १३० अंशांच्या पुढे राहिले, तर परतल्यावर बदला. जाताना पातळी वरच्या खुणेलगत ठेवा, कारण लांब वळणात ऑइल संपच्या एका बाजूला जाते आणि पंपाच्या तोंडी हवा येते. ऑइल काळे झाले हा मात्र निकष नाही. मळ धरून ठेवणारे ऑइल काळेच होणार.

प्रत्यक्ष कामाबद्दल थोडे, कारण चांगले ऑइल वाईट हाताने वाया जाते. ऑइल ५०-६० अंशांवर असताना काढावे, गाडी सपाटीवर. ड्रेन बोल्टचा वॉशर प्रत्येक वेळी नवा. काही टीएसआय इंजिनांना प्लास्टिकचा संप आणि प्लास्टिकचाच प्लग असतो. तो एकदाच वापरायचा आहे, पुन्हा लावला की ठिबकतो. कार्ट्रिज फिल्टरची काळी टोपी बघा: बीएमडब्ल्यूच्या बहुतेक टोप्यांवर ‘२५ एनएम’ (न्यूटन-मीटर, आवळण्याच्या जोराचे माप) असे कोरलेले असते आणि तरीही ती लांब दांड्याच्या पान्याने कचकचून आवळलेली सापडते, चिरा गेलेली. टॉर्क रेंच वापरा, रबरी रिंग नवी लावा, तिला ऑइलचे बोट फिरवा. जुना फिल्टर फेकण्याआधी कापून कागदाच्या घड्या उजेडात पसरा. चमकणारे तांबूस कण बेअरिंगचे, चुंबकाला चिकटणारे लोखंडाचे. एखाद-दुसरा बारीक कण चालतो, चमचमती पूड चालत नाही.

भरताना मॅन्युअलमधल्या आकड्यापेक्षा अर्धा लिटर कमी भरा. मग दोन मिनिटे इंजिन चालवून, बंद करून, पाच मिनिटांनी डिपस्टिक बघा आणि उरलेले थोडे थोडे घाला. दोन खुणांमधले अंतर बऱ्याच गाड्यांत साधारण लिटरभराचे असते. नव्या ९११ ना डिपस्टिकच नाही. पातळी डॅशवर, ऑइल तापलेले आणि इंजिन सुरू असताना बघायची. थंड गाडीत आकडा येत नाही म्हणून ‘जरा जास्त घालून ठेवू’ असे करणारे पुढे धुराची तक्रार घेऊन येतात. जास्त भरलेले ऑइल क्रँकशी घुसळले जाऊन फेसाळते, आणि फेसाला दाब धरता येत नाही. फ्लश, मॉलिब्डेनमच्या बाटल्या, ‘फ्रिक्शन ट्रीटमेंट’ यांतले काहीही टर्बो इंजिनात ओतू नका. ऑइलमधली रसायने मोजून घातलेली असतात. वाटेत पातळी उतरली आणि नेमके ऑइल मिळाले नाही, तर अर्धा लिटरपर्यंत जवळच्या मानकाचे दुसरे चालते. त्याहून बरे म्हणजे डिकीत त्याच ऑइलचा एक लिटरचा डबा.

नमुना तपासायला द्यायचा असेल तर ऑइल काढताना पहिली धार जाऊ द्या, मधल्या धारेतले शंभर मिलिलिटर कोरड्या बाटलीत घ्या. अहवालात सिलिकॉन आणि लोखंड दोन्ही चढलेले असतील तर ती धूळ. आवाजासाठी लावलेले हवेचे उघडे, शंकूच्या आकाराचे कोन फिल्टर मराठवाड्याच्या रस्त्यावर काय करतात ते तिथे छापून येते. सोडियम आणि पोटॅशियम एकत्र चढले तर कूलंट गळतो आहे.

नकली मालाबद्दल आपल्या लेखात एक ओळही नव्हती, म्हणून लिहितो. महागड्या सिंथेटिकचे रिकामे डबे भंगारात चांगल्या किमतीला जातात, ते उगाच नाही. झाकणाखालचे फॉइल, डब्यावरचा आणि झाकणावरचा बॅच नंबर जुळतो का, क्यूआर कोड कंपनीच्याच पानावर उघडतो का, हे बघा आणि पक्के बिल घ्या. काम झाल्यावर रिकाम्या डब्याला आपल्या डोळ्यांसमोर स्क्रू-ड्रायव्हरने भोक पाडायला लावा. जुने ऑइल २०१६ च्या नियमांनुसार घातक कचऱ्यात मोडते. ते गटारात किंवा वाळवी मारायला अंगणात न जाता अधिकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्याकडे जावे, आणि गॅरेज ते कुणाला देते हे ग्राहकाने विचारावे.

आपल्या पुरवणीला एक विनंती. दर आठवड्याला गाडीची माहिती देताना किमतीच्या आणि अश्वशक्तीच्या चौकटीत आणखी एक ओळ वाढवा: मॅन्युअलमधला ऑइलचा कोड, फिल्टरसकट लिटर आणि पार्टिकल फिल्टर आहे की नाही. ‘उन्हाळ्यासाठी जाड ऑइल’ या वाक्याची दुरुस्ती त्याच जागी छापली तर निदान मेमध्ये येणाऱ्या काही गाड्यांचे सोलेनॉइड वाचतील.

आपले,
टर्बो इंजिन दुरुस्ती व वंगण तपासणीचे काम करणारे काही तंत्रज्ञ,
पिंपरी-चिंचवड